हजेरी, पत्री आणि तडीपारी : वाळवा तालुक्यातील ‘टोळी’ या शब्दाचा इतिहास

बी.ए.च्या वर्गात अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ शिकवताना एक प्रश्न जवळजवळ दरवर्षी येतो. फकिरा दरोडेखोर होता की क्रांतिकारक? परीक्षेच्या दृष्टीने याचे उत्तर सोपे आहे आणि मार्गदर्शकांतून ते तयार मिळते. काही वर्षांपूर्वी मात्र तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी आमच्याजवळ येऊन थांबला. त्याच्या घरी अण्णा भाऊंची तसबीर आहे, एक ऑगस्टला तिला हार घातला जातो. पण त्याचे पणजोबा रोज रात्री चावडीवर हजेरी देत असत ही गोष्ट घरात कोणी काढत नाही, असे त्याने सांगितले. मग त्याने विचारले, “म्हणजे आमचं घर टोळीत होतं का?” त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते आम्हांस आज पुरेसे वाटत नाही. प्रस्तुत लेख त्या अपुऱ्या उत्तराची पुरवणी आहे.

हा प्रश्न इस्लामपुरात विचारला जावा, हे एका अर्थी स्वाभाविकच होते. २०२५ साली ज्याचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय झाला ते हे गाव वाळवा तालुक्याचे मुख्य ठाणे. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांमधला हा काळ्या, सुपीक जमिनीचा पट्टा. पश्चिमेस शिराळ्याकडे सरकत गेले की सह्याद्रीचे डोंगर आणि जंगल. पिकाऊ जमीन, सावकारी, मोठे वाडे आणि एका रात्रीच्या चालीवर लपायला रान, असा हा योग. याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ, येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी आणि बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर. चौघांपैकी तिघे पोलिसांच्या दप्तरात फरारी म्हणून नोंदले गेले आणि चौथ्याने फराऱ्यांवर कादंबरी लिहिली. एका तालुक्याच्या वाट्याला इतके काही यावे, याचे कारण ‘मातीतच बंड आहे’ असे सांगून व्याख्यानात टाळ्या घेता येतात. आम्हांस मात्र ते दप्तर उघडून पाहावेसे वाटते. ‘टोळी’ हा शब्द कोणी, कोणाला, केव्हा लावला, हा आमचा विषय आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागतो. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण रामोशाकडे असे. चोरी झाली तर पावलांचा माग काढत जायचे आणि माग ज्या गावाच्या शिवेत मुरेल त्या गावाने जबाबदारी घ्यायची, अशी ती व्यवस्था. किल्ल्यांच्या घेऱ्यावरही हीच मंडळी असत. १८१८ नंतर किल्ले ओस पडले, मेटांवरची नेमणूक गेली, अनेकांची वतने आणि हक्क बुडाले. रात्र ज्यांच्या हवाली होती तेच आता रात्रीचे संशयित ठरले. पुरंदराखालच्या भिवडीचा उमाजी नाईक याच उलथापालथीतून उभा राहिला. कंपनी सरकारने त्याला पकडण्यासाठी फौज फिरवली, इनाम लावले, मध्यंतरी माफी देऊन त्यालाच बंदोबस्ताच्या कामावर घेतले आणि अखेरीस १८३२ साली पुण्यात फाशी दिली. त्याला पकडण्याच्या मोहिमेतील कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याने १८३३ साली रामोशी जमातीवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. उमाजीचे पहिले विस्तृत चरित्र त्याला पकडणाऱ्याने लिहावे, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकाने विसरू नये. त्या ग्रंथात उमाजी या एका माणसाचे चरित्र आणि एका संपूर्ण जमातीचे वर्णन एकाच बांधणीत आले आहे. पुढे कायद्याने केले ते याहून फार वेगळे नव्हते.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यात आला आणि १९२४ साली त्याची एकत्रित आवृत्ती झाली. या कायद्याची भाषा मराठीच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावी. जमात, टोळी आणि वर्ग हे तीन शब्द त्यात एका ओळीत, एकमेकांच्या जागी चालतील असे ठेवलेले आहेत. दंडविधानाची तऱ्हा वेगळी होती. १८६० च्या भारतीय दंडविधानात दरोडा म्हणजे पाच किंवा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी चोरी. तेथे निदान माणसे मोजावी लागत. अमुक पाचजण, अमुक रात्र, अमुक घर. नव्या कायद्यात मोजण्याचे कारणच उरले नाही. सरकारने अधिसूचना काढली की जन्मलेले मूलही टोळीत. नोंदवहीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर दाखला, आणि हजेरी चुकली तर तोच गुन्हा. ज्याने चोरी केली नाही त्याला हजेरी चुकवल्याबद्दल शिक्षा होई, मग तो शिक्षा भोगलेला म्हणून अधिक संशयित ठरे. लेकीच्या गावी आजारपण निघाले आणि दाखल्यावाचून माणूस रात्रीचा निघाला, की तो फरारी. फरारी माणसाने खायचे काय आणि निजायचे कोठे? अशा दोघाचौघांची रानात गाठ पडली म्हणजे दप्तरातली टोळी प्रत्यक्षात येई.

‘फकिरा’ ही कादंबरी या जागी उभी आहे. तिच्या पूर्वार्धात जोगणीसाठी गावोगाव चालणारी चढाओढ आहे. रानोजी गावासाठी जोगणी आणायला जातो आणि मारला जातो. रानोजीचे मरण गावाच्या मानासाठी आहे. त्याला कोणी दरोडेखोर म्हणत नाही. मुलाची पिढी येते तेव्हा दुष्काळ पडलेला असतो, हजेरी लागलेली असते. फकिरा आधी धान्य लुटतो, मग सरकारी खजिना. बापाचे शौर्य आणि मुलाचे शौर्य जातीचे एकच. मधल्या काळात नोंदवही आली, एवढाच फरक. अण्णा भाऊंनी हा फरक कोठेही भाष्य करून सांगितलेला नाही, कथानकाच्या दोन पिढ्यांत तो ठेवून दिला आहे. आमच्या मते कादंबरीचे खरे सामर्थ्य येथे आहे. तिच्यातील भडक प्रसंगांबद्दल आणि वीररसाच्या अतिरेकाबद्दल समीक्षकांनी पुष्कळ लिहिले, त्यातले काही खरेही आहे. या रचनेकडे मात्र त्यांचे लक्ष फारसे गेले नाही.

फकिरा पकडला जात नाही, तो हजर होतो. सरकार त्याच्या लोकांना, बायकापोरांसह, धरून ठेवते आणि त्यांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून पुढे येतो. आम्ही वर्गात हा भाग वाचतो तेव्हा मुले त्यागाविषयी बोलतात. ते योग्यच आहे. पण येथे पोलिसी उपायाचे एक अचूक वर्णनही आहे. एका माणसासाठी समूहाला वेठीस धरणे ही त्या कायद्याची मूळ कल्पनाच होती. फकिराला दंडविधानाखाली फाशी देता आली असती, त्याला रानाबाहेर काढण्यासाठी मात्र जमातीची यादी लागली. फकिरा आपला मामा होता आणि आपल्या जन्माच्या वेळी त्याने लुटीतले ओंजळभर सुरती रुपये घरी दिले होते, ही अण्णा भाऊंनी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी जन्मलेल्या, जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने दप्तराला दिलेले हे उत्तर होय. मॅकिंटॉशने उमाजीला पकडून लिहिले, अण्णा भाऊंनी फकिराच्या लुटीवर पोसलेल्या घरातून लिहिले. दोघांच्या मध्ये सव्वाशे वर्षे आहेत.

‘फकिरा’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. त्याच साली इंग्लंडमध्ये एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराचे आद्य बंडखोरांवरील पुस्तक आले आणि ‘सामाजिक लुटारू’ ही संकल्पना अभ्यासकांत रूढ झाली: सरकारला गुन्हेगार वाटणारा आणि शेतकऱ्यांना आपला वाटणारा माणूस. वाटेगावला लंडनची किंवा लंडनला वाटेगावची खबर असण्याचे कारण नव्हते. आणखी एक योगायोग असा की, मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदाही १९५९ चाच. त्याकडे पुढे येऊ.

हॉब्सबॉमवर १९७२ साली अँटन ब्लॉक यांनी आक्षेप घेतला तो आम्हांस आपल्याकडे फार उपयोगी वाटतो. लुटारूला आश्रय लागतो, आश्रय देण्याची ऐपत बहुधा वाड्याकडेच असते, आणि मग लुटारू त्या वाड्याच्या कामी येतो, असा त्यांचा मुद्दा. कृष्णाकाठच्या फराऱ्यांच्या आख्यायिका ऐकताना हा प्रश्न विचारावा: भाकरी कोणाच्या घरची होती? आणि कोणाच्या घरी कधीच दरोडा पडला नाही?

शब्दाचाच विषय निघाला आहे म्हणून एक दूरचे उदाहरण घेतो. अमेरिकेतल्या मोटरसायकलवाल्या टोळ्यांचे चित्रपट आपल्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असतात. त्यांना इंग्रजीत ‘आउटलॉ’ म्हणतात. पण या संदर्भात त्या शब्दाचा आरंभीचा अर्थ अगदी कारकुनी होता. मोटरसायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेत ज्यांची नोंद नाही असे क्लब, इतकाच. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर या लहान गावी शर्यतींच्या निमित्ताने गर्दी झाली, दारू पिऊन धिंगाणा झाला, आणि ‘लाइफ’ साप्ताहिकाने बाटल्यांच्या गराड्यात मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचे छायाचित्र छापले. ते छायाचित्र जुळवून घेतलेले होते असा वाद आजही आहे. पुढच्या दशकात त्या घटनेवरून चित्रपट निघाला आणि पोरे चित्रपटातल्यासारखे वागू लागली. १९४८ साली स्थापन झालेल्या हेल्स एंजल्सपर्यंत येता येता खरीखुरी गुन्हेगारी आली. संघटित गुन्हेगारीविरोधी १९७० च्या कायद्याखाली त्या संघटनेवर १९७९ साली खटला भरला, तेव्हा ज्यूरीचे एकमत झाले नाही. माणसांचे गुन्हे दाखवता आले, संघटना म्हणजेच गुन्हा हे पटवता आले नाही. तेथे नोंद नसल्याने माणूस ‘आउटलॉ’ झाला, आमच्याकडे नोंद झाल्याने. कागद मात्र दोन्हीकडे आधी होता. अर्थात येथे साम्य संपते. हॉलिस्टरच्या स्वाराने ते नाव मिरवले, जाकिटावर शिवून घेतले. हजेरीवाल्याला ते जन्माने मिळाले आणि त्याचा पणतू ते घरात उच्चारत नाही.

आता १९४२ कडे वळू. सप्टेंबरात तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथील कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूजला ९ तारखेला आणि इस्लामपुरात १० तारखेला गोळीबार झाला; इस्लामपुरात पंड्या आणि बारपटे हे दोघे हुतात्मे झाले. निःशस्त्र मोर्च्यावर गोळी चालते हे पाहिल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ च्या मध्यापासून त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात (आजचा सांगली जिल्हा त्याच्याच पोटात होता) प्रतिसरकार उभे राहू लागले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेचा पगार लुटला गेला. जुलैत वसंतदादा पाटील सांगलीच्या तुरुंगातून निसटले. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडील चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याचे साडेपाच लाखांवर रुपये लुटले गेले. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा आणि त्यांचे सहकारी या मोहिमेत होते. हे सर्व दंडविधानाच्या व्याख्येत चपखल बसणारे दरोडे. पाचांपेक्षा जास्त माणसे, हत्यारे, लूट. फकिराने केले त्याहून कायद्याच्या भाषेत काहीही निराळे नाही.

या इतिहासातला आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र या गाजलेल्या लुटींचा नाही. पोलीस भूमिगतांच्या मागे लागल्यामुळे गावोगावचा नेहमीचा बंदोबस्त ढिला झाला आणि खऱ्या दरोडेखोरांना रान मोकळे मिळाले. काहींनी तर चळवळीचे नाव सांगून लूट चालवली. भूमिगत आणि दरोडेखोर एकाच रानात, एकाच वस्त्यांच्या भाकरीवर, एकाच पोलिसांना चुकवत वावरत होते. सामान्य शेतकऱ्याने रात्री दार ठोठावणाऱ्याला ओळखायचे कसे? प्रतिसरकारला लोकमान्यता मिळाली ती इंग्रजांशी लढण्याने जितकी, तितकीच या टोळ्यांचा बंदोबस्त करण्याने. त्यासाठी तुफान सेना, त्यासाठी गावोगावची न्यायदान मंडळे. पोलिसांच्या लेखी जी टोळी होती ती टोळ्यांची पोलीस झाली.

त्या पोलिसगिरीचे नावच लोकांनी चळवळीला दिले: पत्री सरकार. दरोडेखोर, खबऱ्या किंवा गावगुंड यांच्या तळपायांना घोड्यासारखी पत्री ठोकतात, अशी वदंता होती. प्रत्यक्षात बहुधा तळव्यांवर काठीचे फटके मारीत, असे चळवळीतील मंडळींनी नंतर सांगितले. ‘प्रति’चे ‘पत्री’ झाले असेही कोणी म्हणतात. काही असो, लोकांच्या जिभेवर शिक्षा राहिली. आम्ही या चळवळीच्या अभिमानात वाढलो आहोत, तरीही येथे थोडे थांबले पाहिजे असे वाटते. तळव्यांवर फटके बसलेल्यांत सगळे दोषीच होते काय? गावकीच्या जुन्या वैरातून कोणाचे नाव गेले नसेल काय? त्या माणसांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. चळवळीतील नेत्यांच्या आठवणी, मुलाखती, गौरवग्रंथ आपल्याकडे आहेत. फटके खाल्लेल्याचे एक पानही आम्हांस वाचायला मिळालेले नाही. दुसऱ्या बाजूस, २५ फेब्रुवारी १९४५ रोजी शिराळ्याच्या डोंगरात मणदूरनजीक पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहिर आणि नानकसिंग हे पडले, ही किंमतही विसरता येत नाही.

१९४६ साली मुंबईत खेर मंत्रिमंडळ आले आणि भूमिगतांवरील बहुतेक वॉरंटे मागे घेतली गेली. ज्यांच्यावर सरकारने इनामे लावली, घरेदारे जप्त केली, ते मोकळेपणाने इस्लामपूरच्या बाजारातून फिरू लागले. पुढे नाना पाटील लोकसभेवर गेले, वसंतदादा मुख्यमंत्री झाले, नागनाथअण्णांना २००९ साली पद्मभूषण मिळाले. हे सारे न्याय्यच झाले. परंतु याच तालुक्यात दुसरी यादी चालू होती. हजेरीच्या वहीतली नावे १९४६ साली कोणी खोडली नाहीत. मुंबई राज्यात तो कायदा १९४९ साली गेला, देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. स्वातंत्र्यदिनापेक्षा पाच वर्षे सोळा दिवस उशिराचा. त्यानंतर सात वर्षांनी आला मघाचा १९५९ चा कायदा: आता जमात नाही, सराईत व्यक्ती, तरी नोंदवही आली, हालचालींवर निर्बंध आले. ज्या वर्षी फकिरा कादंबरीत अमर झाला, त्याच वर्षी त्याच्या भाऊबंदांसाठी दप्तरात नवीन खाते उघडले. ‘उपरा’, ‘उचल्या’ आणि ‘बेरड’ ही १९८० नंतरच्या दशकातील आत्मकथने वाचली म्हणजे त्या खात्याची भाषा पोलीस ठाण्यांत किती टिकून राहिली ते कळते. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही त्या दिवशी सांगायला हवी होती ती गोष्ट ही: एकाच रानातून आलेल्या दोन माणसांपैकी एकाचे वॉरंट परत गेले, दुसऱ्याची वही राहिली, आणि या दोघांच्या कृत्यांपेक्षा त्यांच्या जातींनी आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पक्षाने ते अधिक ठरवले.

स्वातंत्र्यानंतरचा फरारी म्हणजे बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर. बायाबापड्यांना छळणाऱ्या गावगुंडाचा खून, मग आणखी खून, सुमारे पंचवीस वर्षे फरारी, जन्मठेप, सुटकेनंतर माळकरी वृद्ध म्हणून गावोगाव उपदेश, आणि जानेवारी २०१८ मध्ये दीर्घायुष्यानंतर मृत्यू. त्यांच्यावर वग झाले, चित्रपट झाले, ‘वाघ’ ही पदवी लागली. पंचवीस वर्षे पोलिसांच्या हाती न लागणे हे एकट्याचे काम नव्हे. तेथे अनेक वस्त्यांनी तोंड मिटून ठेवले होते. न्यायालयात जाऊन काही होत नाही, फौजदार पाटलाच्या ओसरीवर चहा पितो, हे ज्यांनी पाहिले त्यांनी बापूंना आपले न्यायदान मंडळ केले. तथापि या कथेची गोडी लागलेल्या तरुणांना आम्ही एक विचारतो. प्रत्येक आख्यायिकेच्या आरंभी एका स्त्रीची विटंबना असते आणि दुसऱ्याच वाक्यापासून ती स्त्री कथेतून नाहीशी होते. पुढे तिचे काय झाले? वगात तिला एखादे गाणेही मिळत नाही. अण्णा भाऊंच्या स्त्रिया निदान बोलतात, भांडतात, दार अडवून उभ्या राहतात.

आज सांगली-साताऱ्याच्या वृत्तपत्रांतून ‘अमुक टोळी तडीपार’ अशी चौकट वरचेवर येते. १९५१ च्या पोलीस कायद्यातील कलम ५५ टोळ्या पांगवण्यासाठी आहे. दोन-तीन जिल्ह्यांतून वर्ष-दोन वर्षांसाठी बाहेर. जोडीला १९९९ चा मोक्का. नंबर नसलेल्या मोटरसायकलवरून येऊन गळ्यातले गंठण ओढून नेणाऱ्या पोरांपासून वाढदिवसाला तलवारीने केक कापणाऱ्यांपर्यंत अनेक जण या चौकटींतून भेटतात. त्यांत खरोखर लोकांचे जिणे हराम करणारे आहेत आणि त्यांचा बंदोबस्त व्हायलाच हवा. गंठण गेलेल्या बाईला हॉब्सबॉम सांगून उपयोग नाही. आजचा कायदा निदान माणसागणिक नोटीस काढतो, म्हणणे मांडायला वेळ देतो, अपील ठेवतो, हा मोठा फरक आहे. मात्र ठाण्यातील जुनी सवय कायद्याबरोबर बदलतेच असे नाही. चोरी झाली की पहिली गाडी कोणत्या वस्तीकडे वळते, हे इस्लामपूरच्या कोणत्याही रिक्षावाल्यास ठाऊक आहे.

त्या विद्यार्थ्याने पुढे एम.ए.ला आमच्याकडेच प्रवेश घेतला. प्रबंधिकेसाठी त्याने ‘फकिरा’ निवडली नाही. पणजोबांच्या गावातील म्हाताऱ्यांकडे जाऊन हजेरीच्या आठवणी लिहून घ्याव्यात असे त्याच्या मनात होते. पहिल्या दोन खेपांना त्याला चहा मिळाला आणि आठवण नाही असे उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेस एका आजीने सांगितले की, चावडीवर नाव पुकारले की ‘हाजीर’ म्हणायचे असे आणि तिच्या सासऱ्यांना झोपेतही कोणी मोठ्याने हाक मारली तर ते तसेच ओ देत. तिने त्याला हे लिहू नको असे सांगितले. त्याने वही मिटली, आणि थोड्या वेळाने तिनेच, बरं लिही, पण नाव घालू नको, असे म्हटले.